ओसरीवरचा कारखाना

दिवाळीची सुट्टी लागली, की महाराष्ट्रात अंगणोअंगणी एकेक बांधकाम खाते उघडते. खात्याचे मुख्य अभियंता दहा-बारा वर्षांचे असतात, मजूर त्याहूनही लहान असतात, आणि माती, दगड, विटांचे तुकडे, गोणपाट ही सगळी सामग्री शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या परवानगीवाचून गोळा होते. दोन दिवसांत बुरूज उभे राहतात. चिखलाच्या उतारांवर अळीव आणि मोहरी पेरली जाते. भाऊबीजेपर्यंत ते बी हिरवेगार उगवून येते आणि त्या हिरवळीत मावळे पहाऱ्याला उभे राहतात. ज्या गृहस्थांनी पुढे आयुष्यभर बँकेत खातेवह्या तपासल्या किंवा कचेरीत टिपणे लिहिली, त्यांनीही लहानपणी एकदा तरी पाण्याचा निचरा, उताराचा कोन आणि दरवाजाची उंची यांचा विचार केलेला असतो. तो विचार त्यांना कोणी शिकवलेला नसतो.

पुढे या अभियंत्यांचे काय होते, हा प्रश्न मला शिक्षक म्हणून पुष्कळ दिवस सतावीत आला आहे. वस्तू विकत घ्यावयाची असते, करावयाची नसते, ही समजूत त्यांच्या मनात केव्हा शिरते ते कळतही नाही. आता तर किल्लासुद्धा खोक्यात बंद होऊन बाजारात मिळतो. त्याबद्दल मी कोणाला बोल लावीत नाही. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाने माती आणावी कोठून? पण घरी बसून, आपल्या गरजेप्रमाणे आणि आपल्या मापाने वस्तू घडवण्याची आपल्याकडे एक जुनी चाल होती. ती मध्यंतरी खंडित झाली, आणि अलीकडे अगदी अनपेक्षित वाटेने, म्हणजे प्लॅस्टिकच्या वाटेने, ती परत येऊ पाहत आहे. ती कशी, हे सांगावयाचे तर थोडे इतिहासात शिरावे लागेल. वाचकांनी फराळाचे ताट बाजूला ठेवण्याची गरज नाही. चकली खाता खाता ऐकण्यासारखाच हा इतिहास आहे.

प्लॅस्टिक म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे पिशव्या आणि तुंबलेली गटारे येतात. पण मुळात त्या शब्दाचा अर्थ एवढाच, की हवा तसा वळणारा आणि वळवल्यावर आकार धरून बसणारा पदार्थ. या अर्थाने आपल्या पणज्यांनाही प्लॅस्टिक ठाऊक होते. त्या त्याला लाख म्हणत. झाडाच्या फांदीवर एका किड्याने केलेला तो राळेसारखा पदार्थ निखाऱ्यावर मऊ होई, आणि बांगडी करणारा कारागीर समोर बसलेल्या बाईचे मनगट पाहून ती वळवीत असे. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी याच लाखेच्या रंगांनी लाकडी खेळण्यांना आणि पाटांना झळाळी आणली. पुढे फोनोच्या तबकड्या आल्या, त्याही लाखेच्याच. बालगंधर्वांचा आवाज ज्यांनी तबकडीवरून ऐकला, त्यांनी तो लाखेतून ऐकला असे म्हणावयास हरकत नाही. लाखेला पर्याय शोधता शोधताच लिओ बेकलंड नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९०७ साली अमेरिकेत बेकलाइट तयार केले. जुन्या घरांतून विजेची जी काळी, गोल, कटकन् वाजणारी बटणे असत, ती या बेकलाइटची.

त्याच्याही आधी सेल्युलॉइड आले होते. हस्तिदंत महाग पडू लागला म्हणून १८६९-७० च्या सुमारास जॉन हायट या अमेरिकन मुद्रकाने ते सिद्ध केले. बिलियर्डचे चेंडू, फण्या, चाकूच्या मुठी असा त्याचा संसार चालला होता. पण त्याची पातळ, पारदर्शक पट्टी काढता येऊ लागली आणि तिने जगाला वेड लावले. एका मराठी माणसाच्या घरात प्लॅस्टिक या पट्टीच्या रूपाने कामाला लागले, आणि ते घर होते दादासाहेब फाळके यांचे.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला, हे आपण परीक्षेपुरते पाठ करतो. पण तो तयार कोठे झाला? दादरला, फाळक्यांच्या राहत्या घरी. १९१२ साली दादासाहेब लंडनला जाऊन कॅमेरा आणि भोके पाडण्याचे यंत्र घेऊन आले. कच्ची फिल्म त्या काळी कोरी येत असे. तिच्या दोन्ही कडांना ठराविक अंतरावर भोके पाडल्याशिवाय ती कॅमेऱ्याच्या दातांवर चढत नसे. हे भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळके रात्री अंधारात करीत. फिल्म धुण्याची रसायने त्याच मिसळीत, आणि दिवसभर घरात राबणाऱ्या मंडळींचा स्वयंपाकही त्याच रांधीत. हिंदुस्थानातल्या चित्रपटधंद्याचा जन्म असा चुलीच्या शेजारी झाला. भोक तसूभर इकडेतिकडे झाले असते तर हरिश्चंद्र पडद्यावर थरथर कापताना दिसला असता. तो स्थिर उभा राहिला, त्याचे श्रेय एका गृहिणीच्या हातांकडे जाते.

कोल्हापूरची गोष्ट याहून पुढची. तेथे आनंदराव आणि बाबूराव पेंटर या चुलत भावांना आपला चित्रपट आपणच काढावा असे वाटले. कॅमेरा विकत घेण्याइतका पैसा नाही. तेव्हा कॅमेराच तयार करावा असे ठरले. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूराव सुतारकाम जाणणाऱ्या मेस्त्री घराण्यातले. त्यांनी विष्णुपंत दामले यांच्या मदतीने तो ध्यास सोडला नाही, आणि १९१८ साली स्वतः घडवलेला कॅमेरा उभा केला. त्यांचा ‘सैरंध्री’ १९२० साली लोकांपुढे आला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटले. ही माणसे यंत्रशास्त्राच्या कोणत्याही महाविद्यालयाची पायरी चढली नव्हती. यंत्र उघडून पाहावे, त्याचा प्रत्येक भाग कशासाठी आहे ते समजून घ्यावे आणि तो आपल्या हाताने पुन्हा करावा, एवढीच त्यांची विद्या होती.

मग ही चाल खंडित कशाने झाली? माझे उत्तर असे, की साच्याने. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिकचे पूर आले. पोलादाचा साचा करावयाचा, त्यात वितळलेले प्लॅस्टिक दाबून भरावयाचे, निवले की वस्तू बाहेर काढावयाची. या पद्धतीने बादली, कंगवा, दुधाची बाटली गरिबाच्या घरात गेली. ते उपकार विसरता येणार नाहीत. पण साचा अतिशय महाग असतो. एकाच प्रकारच्या हजारो, लाखो वस्तू काढल्या तरच तो परवडतो. म्हणजे जी वस्तू लाखांना हवी, ती स्वस्त झाली, आणि जी एकालाच हवी, ती मिळेनाशीच झाली. बांगडीवाला मनगट पाहून बांगडी वळवीत होता. आता मनगटाने बांगडीच्या मापाचे व्हावयाचे!

याचा प्रत्यय मला दोन वर्षांपूर्वी घरीच आला. आमच्या मिक्सरचे फिरवावयाचे बटण तुटले. मोटार शाबूत, पाती धारदार. मोडले ते एवढेसे बटण. सोलापूरची शेंगाचटणी उखळातच कुटावी, हे मला तत्त्वतः मान्य आहे, पण तत्त्व कुटणाऱ्याचे नसते. मी नव्या पेठेत राहतो. या पेठेत सुईपासून शीतकपाटापर्यंत काय मिळत नाही? मी चार दुकाने पालथी घातली. चौथ्या दुकानदाराने बटण उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाला, “सर, हे मॉडेल बंद झालं. बटण मिळायचं नाही. मिक्सरच बदला की!” पुढे महिनाभर आमच्या घरी मिक्सरची दांडी पकडीने फिरवून चटणी होत असे. बोटभर वस्तूसाठी चालते यंत्र भंगारात घालावे, हे माझ्या मनाला पटेना.

या साच्याच्या कोड्यातून सुटण्याची किल्ली आमच्या सोलापुरात कित्येक वर्षे डोक्यावर टांगलेली होती, असे म्हटले तर वाचकांना आश्चर्य वाटेल. पण ते खरे आहे.

सोलापुरी चादर आपण सर्वांनी पांघरली आहे. तिच्यावरची फुले, मोर, नक्षीच्या पट्ट्या छापलेल्या नसतात, विणलेल्या असतात. शहराच्या पूर्व भागातल्या यंत्रमागांच्या कारखान्यात पाऊल टाकून मान वर केली, तर मागाच्या माथ्यावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरताना दिसते. मागात आडवा धागा एकदा जाण्यासाठी एक पुठ्ठा. पुठ्ठ्यावर जेथे भोक असेल, तेथे सुई आत शिरते आणि तिच्याशी जोडलेले उभे धागे वर उचलले जातात. जेथे भोक नसेल, तेथे ते खालीच राहतात. पुठ्ठे बदला, की तोच माग मोराऐवजी कमळ विणू लागतो. मी शाळकरी असताना असे पुठ्ठे पाडणारे एक वृद्ध कारागीर आमच्या ओळखीचे होते. चौकटीच्या कागदावरचे फूल पाहून ते भोके पाडीत. मी एकदा विचारले, “काका, मागाला फूल कसं कळतं?” ते तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाले, “मागाला फूल कळत नाही पोरा. त्याला फक्त भोक कळतं. फूल आपल्याला कळायला पाहिजे.” यंत्र आणि माणूस यांच्यातला फरक इतक्या थोडक्यात सांगणारे पुस्तक पुढे माझ्या वाचनात आले नाही.

ही युक्ती जोसेफ जॅकार्ड या फ्रेंच माणसाने १८०४ च्या सुमारास लियाँ शहरात पूर्णत्वास नेली. तिचे महत्त्व रेशमाच्या व्यापाऱ्यांपेक्षा एका इंग्रज गणितज्ञाला अधिक उमगले. चार्ल्स बॅबेज याच्याजवळ जॅकार्डचे एक रेशमी चित्र होते. ते इतके सूक्ष्म होते, की पाहणाऱ्याला कोरीव छाप वाटावी. प्रत्यक्षात ते सुमारे २४,००० पुठ्ठे वापरून मागावर विणलेले होते. पुठ्ठा जर मागाला चित्र सांगू शकतो, तर गणित करणाऱ्या यंत्राला आकडेमोड का सांगू शकणार नाही, असा विचार करून बॅबेजने आपल्या नियोजित यंत्रात हेच पुठ्ठे घेतले. त्याचे यंत्र पुरे झाले नाही. पण १८९० साली अमेरिकेची जनगणना भोकांच्या पत्त्यांवर मोजली गेली, आणि १९५२ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या अमेरिकेतल्या विख्यात संस्थेत धातू कापणारे एक यंत्र भोके पाडलेल्या कागदी पट्टीच्या हुकमावर चालवून दाखवण्यात आले. मागाच्या डोक्यावरची विद्या अशी लोखंड कापू लागली. आता साच्याची गरज उरली नाही. नक्षी बदलली, की वस्तू बदलली.

तरीही हे यंत्र घरात येण्याजोगे नव्हते. ते घरात आणण्याचा मान एका बेडकाला द्यावा लागेल. १९८८ साली स्कॉट क्रम्प नावाच्या अमेरिकन अभियंत्याला आपल्या लहान मुलीसाठी खेळण्यातला बेडूक करावयाचा होता. त्याने डिंकाच्या बंदुकीत, म्हणजे गरम डिंक सोडणाऱ्या हत्यारात, पॉलिथिलीन आणि मेणबत्तीचे मेण यांचे मिश्रण भरले आणि थरावर थर देत बेडूक उभा केला. दिवाळीत गृहिणी चकलीचा सोऱ्या फिरवते त्याहून ही कृती तत्त्वतः वेगळी नाही. फरक एवढाच, की क्रम्पच्या मनात पुढे सोऱ्या फिरवणारा हात यंत्राचा करण्याचे आले. त्याचे एकस्व, म्हणजे पेटंट, १९९२ साली मंजूर झाले. प्लॅस्टिकची तार वितळवून वस्तू रचणाऱ्या ज्या यंत्राला आज आपण थ्रीडी प्रिंटर म्हणतो, त्याचा एक मोठा वंश या बेडकापासून सुरू झाला. चार्ल्स हल या दुसऱ्या अमेरिकनाने द्रव राळ प्रकाशाने घट्ट करण्याची निराळी रीत त्याआधीच योजली होती.

पण बापाने मुलीसाठी स्वयंपाकघरात केलेली युक्ती एकस्वाच्या कुलपात गेली, आणि यंत्रे मोठ्या कंपन्यांनाच परवडतील इतकी महाग राहिली. ते कुलूप उघडण्याची वाट न पाहता इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातल्या एड्रियन बोयर या अध्यापकाने २००५ च्या सुमारास एक धाडसी योजना जाहीर केली. असे यंत्र करावयाचे, की जे स्वतःचेच बरेचसे भाग घडवील. आणि त्याचे सगळे आराखडे जगाला फुकट द्यावयाचे. २९ मे २००८ रोजी त्याच्या यंत्राने आपल्या भागांतून पहिले अपत्य उभे केले. २००९ साली क्रम्पच्या एकस्वाची मुदतही संपली. त्यानंतर थोड्याच वर्षांत हे यंत्र अभ्यासाच्या टेबलावर मावू लागले, आणि त्याची किंमत एखाद्या दुचाकीच्याही खाली आली.

आता पुन्हा महाराष्ट्रात येऊ. कारण ज्या अमेरिकन संस्थेने कागदी पट्टीवर यंत्र चालवले, तिचीच एक वाट पुण्यापासून सुमारे ७० किलोमीटरवरच्या पाबळ या कोरडवाहू गावात येऊन पोहोचली.

पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. कलबाग अमेरिकेत डॉक्टरेट मिळवलेले शास्त्रज्ञ. मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधनशाळेत मोठ्या जागेवर होते. ती जागा सोडून पत्नी मीराताईंसह ते शिरूर तालुक्यातल्या या माळावर राहावयास आले. शाळेतून गळालेली, नापास झालेली मुले त्यांनी जवळ केली. त्यांचा सिद्धांत साधा होता. माणूस काम करता करता शिकतो. तेव्हा मुलांना गावाची खरी कामे द्यावी. मुलांनी माती तपासावी, लोखंड जोडावे, घुमटाकार घरे उभी करावी, शेती करावी, घराचे आरोग्य पाहावे; आणि त्या कामातूनच गणित, विज्ञान समजून घ्यावे. हीच कल्पना पुढे काही माध्यमिक शाळांतूनही गेली. तेथे मुले आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात.

हा विचार महाराष्ट्राच्या भूमीत नवा नव्हता. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना देशापुढे मांडली होती. पण आपण टकळीला पुज्य मानले आणि तिला अभ्यासक्रमाच्या कोपऱ्यात बसवले. कलबागांनी टकळीच्या जागी जोडयंत्र, करवत आणि पुढे संगणक ठेवला, एवढाच भेद.

मॅसॅच्युसेट्सच्या संस्थेत नील गर्शेनफेल्ड या प्राध्यापकांनी १९९८ साली जवळजवळ काहीही कसे तयार करावे या विषयाचा एक वर्ग उघडला होता. थोड्या शिष्यांसाठी उघडलेल्या त्या वर्गाला विद्यार्थ्यांची झुंबड उडाली. प्रत्येकाला बाजारात न मिळणारी, स्वतःलाच हवी असलेली एखादी वस्तू करावयाची होती. अशा कामाची छोटी कार्यशाळा गावोगाव निघाली तर काय होईल, हे पाहण्यासाठी त्यांनी २००२ साली पाबळची निवड केली. त्या संस्थेच्या आवाराबाहेर जगात उघडलेली ही पहिली ‘फॅब लॅब’. आज शंभराहून अधिक देशांत अशा दोन हजारांवर कार्यशाळा आहेत. त्यांची वंशावळ लिहावयास घेतली, तर पहिल्या पानावर पाबळचे नाव घालावे लागेल. परदेशी पाहुण्यांनी आणलेली यंत्रे पाहून कलबाग हरखून गेले नाहीत. गावाला काय मोजावयाचे आहे, ते त्यांना ठाऊक होते. दुधाचा कस पारखता यावा, डिझेलच्या इंजिनाची चाल तपासता यावी, अशी साधी उपकरणे त्यांना हवी होती. बाजारातली उपकरणे महाग होती, आणि शेतकऱ्याच्या सोयीची नव्हती. कलबाग २००३ साली वारले. आश्रम पुढे चालला आहे.

यंत्राशिवायही हा मार्ग चालता येतो, हे दाखवणारे आणखी एक नाव घेतल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही. अरविंद गुप्ता मूळचे बरेलीचे, कानपूरच्या आयआयटीतून अभियंता झालेले. पुण्याच्या टेल्कोत नोकरी करीत असता १९७८ साली रजा घेऊन ते होशंगाबादच्या विज्ञानशिक्षणाच्या प्रयोगात सामील झाले. तेथे आठवडी बाजारात त्यांना सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी मिळाली. तिचे तुकडे करून त्यात आगकाडीची टोके खोचली, की त्रिकोण, चौकोन, घनाकृती, मनोरे, घरे काय हवे ते जोडता येते. चौकोन दाबला की वाकडा होतो आणि त्रिकोण होत नाही, हे ज्या मुलाने त्या काड्यांत पाहिले, त्याला पुलाच्या कमानीत त्रिकोण का असतात हे निराळे सांगावे लागत नाही. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुक्तांगणात त्यांनी टाकाऊ बाटल्या, पेनाच्या नळ्या, फिल्मच्या डब्या यांपासून शेकडो खेळणी केली आणि ती सर्वांना मोफत खुली केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शिक्षक. त्यांच्या खेळण्यांनी माझ्या वर्गातले काही तास तरी जांभयांपासून वाचवले आहेत.

आता कोणी विचारील, की हे सगळे खेळण्यांचेच कौतुक झाले. यात संसाराच्या उपयोगाचे काय? त्याला मी एका सुताराची हकीकत सांगेन. दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गजवळच्या रिचर्ड व्हॅन ॲस याची बोटे २०११ साली करवतीखाली गेली. कृत्रिम बोटांची किंमत त्याच्या आवाक्याबाहेर होती. त्याने जगाच्या दुसऱ्या टोकाला, अमेरिकेत राहणाऱ्या आयव्हन ओवेन या बाहुल्यांचे यांत्रिक हात करणाऱ्या माणसाला गाठले. दोघांनी पत्रे, आकृत्या आणि नमुने यांची देवाणघेवाण करून बोट तयार केले. पुढे जन्मतः एका हाताला बोटे नसलेल्या लियाम नावाच्या पाच वर्षांच्या मुलासाठी त्यांनी थ्रीडी प्रिंटरवर प्लॅस्टिकचा हात घडवला, आणि २०१३ साली त्याचा आराखडा सर्वांसाठी खुला केला. मूल वाढते, हात अपुरा पडतो, म्हणजे दर वर्षी नवा हात हवा. साच्याच्या कारखान्याला अशा गिऱ्हाइकाचे काय मोल? घरातल्या यंत्राला मात्र आकडा बदलून मोठा हात काढावयास अडचण नाही.

आपल्याकडेही प्रसंग आला. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली, रुग्णालयांत डॉक्टरांना तोंडावर धरावयास ढाल मिळेना. मुंबईच्या मेकर्स असायलम या कार्यशाळेतल्या मंडळींनी पारदर्शक प्लॅस्टिकची एक साधी मुखढाल तयार केली आणि तिचा आराखडा गावोगावच्या कार्यशाळांना पाठवला. वाहतूक विस्कळीत झाली होती, पण आराखड्याला गाडी लागत नाही. ज्या गावी ढाल हवी, त्या गावीच ती तयार होऊ लागली, आणि ४९ दिवसांत अशा दहा लाख ढाली देशभर पोहोचल्या.

आमच्या मिक्सरच्या बटणाचे काय झाले, ही उत्सुकता वाचकांना असेल. माझा एक जुना विद्यार्थी याच पेठेत एका जिन्याखालच्या खोलीत असे यंत्र चालवतो. शाळेच्या दप्तरात त्याच्या नावापुढे बीजगणितात दोनदा तांबडी रेघ आहे. त्याने तुटके बटण हातात घेतले, दांडी कॅलिपरने मोजली आणि म्हणाला, “सर, ही दांडी पुरती गोल नाही. एका बाजूनं तासलेली आहे. भोकही तसंच पाहिजे, नाहीतर बटण नुसतं फिरत राहील.” पहिले बटण घट्ट झाले, दांडीवर चढेना. त्याने भोक एक पंचमांश मिलिमीटरने वाढवले. “प्लॅस्टिक निवताना आक्रसतं, सर, तेवढी जागा सोडायला लागते.” यंत्राची तोटी दोनशे अंशांच्या आसपास तापली, पावणेदोन मिलिमीटर जाडीची तार वितळू लागली, आणि तासाभरात थरावर थर बसून बटण तयार झाले. मी ते खिशात घालून घरी आलो. ज्या मुलाला अक्षरातला ‘क्ष’ सापडत नव्हता, त्याला लोखंडातला ‘क्ष’ बरोबर सापडला होता.

या यंत्राच्या भजनी लागावे असे मात्र मला सुचवावयाचे नाही. घरी केले म्हणून प्लॅस्टिक पवित्र होत नाही. महाराष्ट्र सरकारने २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांबरोबर थर्माकोलची मखरेही बंद केली, ती उगीच नव्हे. हौसेखातर काढलेल्या आणि चार दिवसांनी केरात गेलेल्या शोभेच्या वस्तू हाही कचराच. या यंत्रात पुष्कळदा जी तार वापरतात, ती मक्याच्या पिठापासून किंवा उसाच्या साखरेपासून काढलेल्या दुग्धाम्लाची असते. साखर कारखान्यांच्या आमच्या जिल्ह्याला हे ऐकून बरे वाटेल. पण तीही परसातल्या खड्ड्यात पुरली म्हणजे विरत नाही. त्यासाठी खताच्या मोठ्या कारखान्यातली उष्णता लागते. उलट साठ अंशांच्या जवळपास ती मऊ पडते. सोलापूरच्या वैशाखात बंद मोटारीत ठेवलेली वस्तू संध्याकाळी वाकडी होऊन भेटली, तर नवल मानू नये. तेव्हा जे मोडले आहे ते वाचवण्यासाठी आणि जे कोठेच मिळत नाही ते मिळवण्यासाठी या विद्येचा उपयोग करावा, हा माझ्या मते त्यातला विवेक.

पण माझी खरी चिंता प्लॅस्टिकची नाही, हातांची आहे. शाळेच्या वेळापत्रकात कार्यानुभव नावाचा एक तास असतो. परीक्षा जवळ आली, की सर्वांत आधी त्याचाच बळी जातो, हे मी माझ्या नोकरीत वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. पालकांनाही त्याचे दुःख नसते. मुलगा हाताने काही करीत बसला, की “अभ्यास सोडून हे काय चाललंय?” असे आपण सहज विचारतो. सरस्वतीबाईंचे अंधारातले काम, बाबूरावांची कानस, पाबळच्या मुलांचे जोडकाम, हा अभ्यास नव्हता असे कोणी म्हणेल काय? ज्याला आपण नापास म्हणतो, त्याची परीक्षा पुष्कळदा घेतलेलीच नसते.

थ्रीडी प्रिंटर प्रत्येकाच्या ओसरीवर यावा असा माझा आग्रह नाही. आगकाड्या आणि रबरी नळी यांनीही भागते. मोडलेला पंखा उघडून पाहू द्यावा, बटण स्वतः टाकू द्यावे, पुठ्ठ्याचे घर कापताना एखादा पुठ्ठा वाया जाऊ द्यावा. यंत्रे येतील आणि जुनी होतील. पुठ्ठे जाऊन आता कित्येक मागांवर संगणक बसले आहेत, आणि त्यांनाही फूल कळत नाही ते नाहीच. ते कळण्यासाठी कोणीतरी चौकटीच्या कागदापुढे बसून, पेन्सिल हातात घेऊन, एकेक घर मोजावे लागते. या सुट्टीत आपल्या घरातले एखादे मूल असे काही मोजीत बसलेले दिसले, तर त्याला फराळ तेथेच नेऊन द्यावा. हाक मारून उठवू नये.